मॉडिफाय केलेल्या इंजिनाचा क्रँक पुन्हा पुन्हा तुटतोय? नवा टाकण्याआधी जुना तपासा

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. गाडीला टर्बो बसवला किंवा आहे त्याचा बूस्ट (हवेचा दाब) वाढवला, रिमॅप केला (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललं), रेव्ह लिमिट (आरपीएमची मर्यादा) वर नेली, हलकी पुली आणि हलकं फ्लायव्हील (क्रँकच्या मागचं जड चाक) टाकलं. काही महिने गाडी झकास पळाली आणि एक दिवस क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, गेला. दुसरा क्रँक आणून इंजिन पुन्हा बांधलं, वर्षाच्या आत तोही गेला. आता गॅरेजवाला म्हणतो, "माल कच्चा होता, या वेळी फोर्ज्ड टाकू."

फोर्ज्ड, म्हणजे घडवलेल्या पोलादाचा, जरूर टाका. पण त्याआधी एक विचार करा. क्रँक एकदा तुटला तर माल कच्चा असू शकतो. दुसराही त्याच जागी तुटला तर तोडणारं कारण अजून इंजिनातच बसलेलं आहे, आणि ते तिसऱ्यालाही तोडणार. परदेशातून मागवलेला महागडा क्रँक तेवढा जास्त दिवस टिकेल, इतकंच. त्यामुळे तुटलेला क्रँक, जुने बेअरिंग शेल (क्रँकभोवतीच्या अर्धगोल पट्ट्या) आणि पुढची पुली यातलं काहीही भंगारात जाऊ देऊ नका. निदान याच तीन गोष्टींवरून होतं.

तुटलेला तुकडा कसा बघायचा

क्रँक एका फटक्यात तुटण्याचे प्रसंग कमी. बहुतेक क्रँक थकून तुटतात. एखाद्या कोपऱ्यात केसाएवढी चीर पडते आणि प्रत्येक स्फोटाबरोबर कणाकणाने पुढे सरकते. हिशेब करून बघा. फोर-स्ट्रोक इंजिन ३००० आरपीएमला चालत असेल तर प्रत्येक पिनवर (क्रँकवर पिस्टनचा रॉड बसतो ती जागा) मिनिटाला १५०० स्फोट, म्हणजे तासाला ९०,०००. एक कोटी स्फोट व्हायला साधारण १११ तास लागतात. रोज दीड-दोन तास गाडी चालवणाऱ्याचे ते दोन-अडीच महिने झाले. म्हणूनच चीर पडते एक्सप्रेसवेवर जोरात खेचताना, आणि क्रँक तुटतो नंतर कधीतरी, ईस्टर्न फ्रीवेवर निवांत साठच्या स्पीडने जाताना. मालक शपथेवर सांगतो, "मी काहीच केलं नव्हतं." त्या दिवशी त्याने खरंच काही केलेलं नसतं.

तुकडे हातात आले की केरोसिनने हलक्या हाताने धुवा. वायर ब्रश लावू नका, आणि दोन तुकडे एकमेकांवर बसवून "कसा तुटला असेल" असं करून बघू नका, कारण त्यातच खुणा घासून जातात. धुतल्यावर लगेच तेलाचा हात फिरवा. मुंबईच्या हवेत उघडं पोलाद रात्रीत गंजतं आणि गंजलेल्या पृष्ठभागावर काही दिसत नाही.

आता उजेड तिरका पाडून बघा. थकून तुटलेल्या क्रँकवर दोन वेगळे भाग दिसतात. एक भाग मंद करडा, गुळगुळीत, आणि त्यावर ओहोटीच्या वेळी चौपाटीच्या वाळूवर राहतात तशा बारीक कमानी. त्या कमानी ज्या बिंदूकडे लहान होत जातात तिथे चीर सुरू झाली. दुसरा भाग खरखरीत, दाणेदार, चमकणारा. तो शेवटच्या क्षणी तुटला. दाणेदार भाग लहान असेल तर भार बेताचा होता आणि चीर निवांत वाढली, म्हणजे दोष बहुधा त्या सुरुवातीच्या बिंदूशी आहे: खरवड, गंजाचा खड्डा, ग्राइंडिंगचा धारदार कोपरा. दाणेदार भाग अर्ध्याहून मोठा असेल तर क्रँकवर त्याच्या कुवतीबाहेरचा भार येत होता. एकाऐवजी अनेक ठिकाणी चीर सुरू झाली असेल तर कडेने करवतीच्या दातांसारख्या छोट्या पायऱ्या दिसतात. असं दिसलं की मी आधी कोपऱ्याच्या गोलाईवर संशय घेतो.

मग चिरेची दिशा बघा. पिनच्या कोपऱ्यातून निघून वेबमधून (पिन आणि मेन जर्नल जोडणारा जाड हात) आरपार मेन जर्नलकडे (क्रँक ब्लॉकमध्ये बसतो तो गोल भाग) गेलेली चीर वाकण्याची असते. मेन बेअरिंगची रेषा चुकलेली, एखादं मेन झिजून आधार गेलेला, कोपऱ्याची गोलाई कमी झालेली, नाहीतर डिटोनेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये अवेळी, धडाक्याने होणारा स्फोट. शाफ्टला ४५ अंशांच्या तिरक्या रेषेत, बहुतेक वेळा तेलाच्या भोकापासून निघालेली चीर पिळाची असते. तिथे डँपर (पुढच्या पुलीतला कंपन शोषणारा भाग), फ्लायव्हील, आरपीएम इकडे बघा. पुढचं नाक (पुली बसते ते टोक) चावीच्या खाचेपाशी तुटलं असेल तर पुलीचा बोल्ट ढिला होता किंवा डँपर गेलेला होता. इतक्या तीन वाक्यांत अर्धं निदान होतं, पण त्यासाठी तुकडा टेबलावर असायला हवा.

एक गोष्ट लक्षात असू द्या. ४५ अंशांत तुटलेला क्रँक कधीकधी तुटूनही चालत राहतो, कारण दोन तुकडे एकमेकांत अडकून फिरतात. इंजिन खालून जड ठोका देतं, पुढची पुली डुलते, पट्टा किंचाळतो, आणि पुढचं किंवा मागचं ऑइल सील बदलूनही पुन्हा गळतं. सील वारंवार गळत असेल तर तिसरं सील आणण्याऐवजी पुलीवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारा काटा) लावा.

शेल काय सांगतात

शेल काढताना प्रत्येकाच्या पाठीवर मार्करने नंबर आणि वरचा-खालचा लिहा. ढीग करून ठेवलेल्या शेलवरून काहीही कळत नाही.

कॉन-रॉडचा (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) वरचा शेल, म्हणजे रॉडच्या बाजूचा, स्फोटाचा भार घेतो. खालचा, कॅपच्या बाजूचा, पिस्टन वर जाऊन थांबतो तेव्हाची ओढ घेतो. सगळे वरचे शेल चेचलेले आणि खालचे बरे, तर भानगड बूस्टची, डिटोनेशनची किंवा टॉप गिअरमध्ये कमी आरपीएमला पाय दाबण्याची. खालचे जास्त झिजलेले, तर आरपीएमची. ही ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढते. लिमिट ६५०० वरून ७५०० केली तर आरपीएम वाढलं १५ टक्के, पण ओढ वाढली ३३ टक्के. रिमॅप करणारा हा आकडा सांगत नाही, तो फक्त "वरती अजून खेचते" एवढं सांगतो.

मेन बेअरिंगचं उलटं. तिथे स्फोटाचा भार खालच्या शेलवर येतो. सगळे खालचे शेल सारखे झिजलेले असतील तर ठीक. मधलं मेन जास्त आणि टोकाची कमी, किंवा एकाचा वरचा आणि शेजारच्याचा खालचा झिजलेला असेल तर क्रँक वाकलेला आहे किंवा ब्लॉकची बोअर सरळ रेषेत नाही. अशा ब्लॉकमध्ये कोणताही क्रँक प्रत्येक फेऱ्याला थोडा वाकतो आणि सरळ होतो. हा त्याच जागी पुन्हा तुटणाऱ्या क्रँकचा अगदी ओळखीचा गुन्हेगार आहे, आणि तो ब्लॉकमध्ये लपलेला असल्याने नव्या क्रँकच्या आनंदात कुणी शोधत नाही. मेन कॅपला मूळ बोल्टऐवजी जास्त ताकदीचे स्टड टाकले असतील तर संशय दुप्पट धरा. आवळण्याची ताकद बदलली की कॅपची गोलाई बदलते, आणि लाइन होनिंग (सगळ्या बोअर एका रेषेत घासून गोल करणं) केल्याशिवाय बोअर गोल राहत नाही.

शेलवर चंदेरी थर निघून तांब्याचा रंग दिसतोय, कडा जळून काळ्यानिळ्या झाल्यात, तर तेल पोचत नव्हतं. एकाच कडेने झिजलंय, तर जर्नल निमुळतं घासलं गेलंय किंवा रॉड वाकलाय.

डँपर काढून पुली टाकली का?

मुंबईत मॉडिफाय केलेल्या चार गाड्यांच्या गप्पा झाल्या की एकजण तरी अॅल्युमिनियमची हलकी पुली दाखवतो. दिसायला सुरेख असते आणि इंजिन रेव्हही पटकन घेतं. पण अनेक इंजिनांत पुढची मूळ पुली म्हणजे नुसती पट्टा फिरवायची चकती नसते. आतला हब, बाहेरचं जड कडं आणि मधे रबर, असा तो पिळाचं कंपन शोषणारा डँपर असतो.

प्रत्येक स्फोट क्रँकला किंचित पिळतो आणि क्रँक स्प्रिंगसारखा उलट फिरतो. ठरावीक आरपीएमला स्फोटांची लय आणि क्रँकची स्वतःची लय जुळली की हा पीळ वाढत जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लांब क्रँकची सहा सिलिंडरची इंजिनं याच कारणाने क्रँक मोडत होती, आणि फ्रेडरिक लँचेस्टरसारख्या इंजिनिअरांनी त्यावर डँपर शोधला. शंभर वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न आपण पाचशे ग्रॅम वजन वाचवायला पुन्हा इंजिनात घालतो, याचं मला फार वाईट वाटतं. सहा सिलिंडरला धोका जास्त. चार सिलिंडरचा क्रँक आखूड असल्याने कमी, पण रेव्ह लिमिट वर नेली की जी लय आधी आवाक्याबाहेर होती ती आवाक्यात येऊ शकते. ज्या इंजिनांत ऑइल पंप थेट क्रँकच्या नाकावर बसतो तिथे या कंपनाने पंपाचे गिअर आधी फुटतात, प्रेशर जातं आणि मग क्रँक. अशा वेळी सगळे तेलाला दोष देतात.

मूळ डँपर असेल तरी तो जिवंत आहे का बघा. आपल्याकडची उष्णता आणि इंजिनवर सांडलेलं तेल यांनी रबर भेगाळतं, कडं हबवरून सरकतं. हबपासून कड्यापर्यंत पांढऱ्या मार्करने एक सरळ रेघ ओढा आणि आठवड्याभराने बघा. रेघ तुटलेली दिसली तर कडं सरकलंय. टायमिंग लाइट (पुलीवरची खूण दाखवणारा लुकलुकता दिवा) लावल्यावर खूण एका जागी न राहता भटकत असेल तर तोही इशारा आहे. जुन्या गाडीचा डँपर बूस्ट वाढवण्याआधी नवा टाका. क्रँकच्या मानाने तो स्वस्तच पडतो.

ड्युअल मास फ्लायव्हील (मधे स्प्रिंग असलेलं, कंपन शोषणारं) काढून हलकं सिंगल टाकलं असेल तर तेही याच प्रश्नाचं दुसरं टोक आहे. पुली आणि फ्लायव्हील दोन्ही एकाच वेळी बदलू नका.

ग्राइंडिंग: इथे सर्वात जास्त क्रँक मरतात

जर्नल खरवडलं की क्रँक ग्राइंडिंगला जातो. ०.२५, मग ०.५०, मग ०.७५ मिमी अंडरसाइझ, म्हणजे व्यास तेवढा कमी. साध्या टॅक्सीच्या इंजिनाला हे चालून जातं. दीडपट टॉर्क देणाऱ्या इंजिनाला तीन गोष्टी तपासल्याशिवाय चालत नाही.

पहिली, कोपऱ्याची गोलाई. जर्नल आणि वेब जिथे मिळतात तिथे कारखान्याने ठरावीक रेडियस दिलेला असतो, कारण सगळा ताण त्याच कोपऱ्यात साठतो. ग्राइंडिंगचा दगड वेळोवेळी रेडियसला ड्रेस केला नाही तर त्याची कड झिजून तिथे धारदार कोपरा उरतो. काही इंजिनांत हा कोपरा रोलरने दाबून मजबूत केलेला असतो. त्यावर दगड फिरला की ती मजबुती कायमची गेली. क्रँक परत घेताना रेडियस गेज लावून बघा. गेजच्या मागून उजेड दिसायला नको. गेज नसेल तर बोटाचं नख कोपऱ्यात फिरवा. नख अडकलं तर तिथल्या तिथे परत करा. कारागीर "चालतं हो दादा, सगळे असंच नेतात" म्हणेल. त्याच्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांना चालत असेल. तुमच्या बूस्टला नाही चालणार.

दुसरी, कडक थर. इंडक्शन हार्डनिंग (विजेने तापवून कडक केलेला थर) दोन-तीन मिलिमीटर खोल असतं, त्यामुळे ०.२५ ने फारसं बिघडत नाही. नायट्राइड केलेल्या (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून कडक केलेल्या) क्रँकचं तसं नाही. गॅस नायट्राइडिंगचा थर साधारण ०.३ ते ०.५ मिमी, आणि मिठाच्या भट्टीत केलेल्याचा वरचा कडक थर तर ०.०१ ते ०.०२ मिमीच्या घरातला. पहिल्याच ग्राइंडिंगला तो जातो. असा क्रँक घासल्यावर पुन्हा नायट्राइड करून घ्यायला हवा. ठाण्याची वागळे इस्टेट, पुण्याची भोसरी इथे हीट ट्रीटमेंटची कामं होतात. दोन-चार दिवस जास्त लागतील, ते लागू द्या.

तिसरी, जळणं. घाईत खोल काप घेतला, कूलंट कमी पडलं की जर्नलचा वरचा थर भाजतो आणि त्यात बारीक भेगा पडतात. डोळ्यांना फक्त चकचकीत जर्नल दिसतं.

म्हणून ग्राइंडिंगच्या आधी आणि नंतरही भेगांची तपासणी करा. मॅग्नेटिक टेस्ट सर्वात चांगली. क्रँक चुंबकित करून त्यावर लोहकण सोडतात आणि ते भेगेवर रांगेने जमतात. काम झाल्यावर क्रँकमधलं चुंबकत्व काढून टाकायला सांगा, नाहीतर तो लोखंडाचा कीस स्वतःकडे ओढत बसेल. ती सोय जवळ नसेल तर डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्ट: लाल रंग लावायचा, पुसायचा, पांढरा डेव्हलपर मारायचा, भेग असेल तर लाल रेघ वर येते. आणि कुणाकडे काहीच नसेल तर क्रँक दोरीला टांगून पितळी हातोडीने हलका ठोका. घंटेसारखा लांब टणत्कार आला तर बरं, आवाज बद्द आला तर तो क्रँक बसवू नका. टणत्कार आला म्हणून मात्र टेस्ट टाळू नका, बारीक भेग त्यात कळत नाही.

वेल्डिंग करून भरलेला क्रँक आणि प्रेसखाली दाबून सरळ केलेला क्रँक, दोन्ही मॉडिफाय केलेल्या इंजिनात मी घेणार नाही. कोपऱ्यात आधीच ताण कोंडलेला असतो.

ग्राइंडिंगनंतर तेलाच्या भोकांची तोंडं हलकी गोल करून घ्या आणि आतले प्लग काढून सगळे रस्ते ब्रशने धुवा. दगडाची भुकटी तिथे अडकते आणि पहिल्या स्टार्टला थेट शेलवर जाते. इंजिन बांधायला वेळ असेल तर क्रँक तेल लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उभा ठेवा. गंजाचा खड्डा ही चिरेला आयती सुरुवात असते, आणि समुद्राकाठच्या शहरात ती फार लवकर मिळते.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा इतर कुठे सेकंड हँड क्रँक घेत असाल तर हीच तपासणी पैसे देण्याआधी. ब्लॉकसकट घेतला तर इंजिन नंबर बदलतो, त्याची आरटीओकडे नोंद करावी लागते.

तेल, ट्यून आणि बाकीचं

डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागतो तेव्हा प्रेशर जवळपास शून्यावर आलेलं असतं. बूस्ट वाढवलेल्या गाडीत गेज हवाच. तेल गरम असताना दर हजार आरपीएमला १० पीएसआय हा जुना अंदाज अजूनही चांगला आहे. खंडाळ्याच्या घाटात लांब वळणावर काटा खाली झुकत असेल तर तेल चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) एका बाजूला जातंय आणि पंप हवा ओढतोय. चेंबरमध्ये बॅफल (तेल अडवणारे पत्रे) घाला. क्लिअरन्स, म्हणजे शेल आणि जर्नलमधली फट, जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, म्हणजे ५० मिमीला ०.०५ मिमी, आणि तो मायक्रोमीटर व बोअर गेजने मोजलेला. शेलच्या डब्यावर लिहिलेल्या साइझवर विसंबू नका.

ट्यूनबद्दल एकच आग्रह. १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर केलेला मॅप साध्या पेट्रोलवर चालवू नका. मुंबईत १०० ऑक्टेनचं काही पंपांवर मिळतं, गावाकडच्या रस्त्यावर मिळेलच असं नाही. साध्या पेट्रोलसाठी कमी टायमिंगचा (ठिणगी उशिरा देणारा) दुसरा मॅप ट्यूनरकडून करून घ्या. फार रिच (जास्त पेट्रोल देणारं) ट्यूनही वाईट, कारण पेट्रोल तेलात उतरून तेल पातळ होतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो तो यामुळे.

क्लचची जड प्रेशर प्लेट टाकली असेल तर थ्रस्ट बेअरिंगकडे (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारं) लक्ष द्या. सायन ते घाटकोपर ट्रॅफिकमध्ये क्लचवर पाय ठेवून बसलात तर ती प्लेट सगळा वेळ क्रँकला पुढे ढकलत राहते. क्लच दाबल्यावर आवाज बदलतो, तर संशय तिथेच. क्लचचं काम निघेल तेव्हा एंड फ्लोट (क्रँकची पुढे-मागे हालचाल) मोजा. बऱ्याच गाड्यांत ०.१ ते ०.२५ मिमी असतो, तुमचा मॅन्युअलमधून घ्या.

बॅलन्सिंग करताना आधी एकटा क्रँक, मग त्यावर पुली, मग फ्लायव्हील, मग प्रेशर प्लेट, असं एकेक चढवत करा. पुढे क्लच बदलला तर सगळा क्रँक उतरवावा लागत नाही. पिळून आवळायचे बोल्ट एकदाच वापरायचे, हे तर कुणाला सांगायला नको.

इंजिन बांधून पहिलं तेल बदलाल तेव्हा फिल्टर कापून उघडा. करवतीने नको, तिचाच कीस आत पडतो. फिल्टर कटर वापरा. घड्या उलगडून उन्हात बघा. थोडी चमक पहिल्या वेळी चालते. नखाएवढे चंदेरी किंवा तांबूस पापुद्रे दिसले तर चेंबर उतरवा. शेलचा धातू चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे चेंबरच्या चुंबकी प्लगला काही लागलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

पावसाळ्यातला धोका

कोल्ड एअर इनटेकचा पाइप बंपरच्या खाली उतरवलेला असतो. जून ते सप्टेंबर मिलन सबवे, अंधेरी सबवे, हिंदमाता इथे गुडघाभर पाणी साचतं, आणि असा पाइप ते थेट सिलिंडरमध्ये खेचतो. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे रॉड वाकतो आणि तोच फटका पिनला बसतो. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. बॅटरी काढा, टो करून न्या, स्पार्क प्लग काढून हाताने इंजिन फिरवा, तेल आणि फिल्टर बदला. बोअरस्कोपने किंवा पिस्टन किती वर येतो ते मोजून एकही रॉड वाकलेला आढळला तर फक्त तो रॉड बदलून इंजिन बंद करू नका. क्रँक बाहेर काढा, व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने रनआउट (फिरताना किती डुलतो ते) बघा आणि मॅग्नेटिक टेस्ट करा. त्या दिवशी पिनच्या कोपऱ्यात पडलेली चीर दिवाळीनंतर लोणावळ्याच्या चढावर क्रँक तोडते, आणि तोवर पाण्यात गाडी अडकल्याचं कुणाच्याही लक्षात नसतं. म्हणून गॅरेजवाल्याला इतिहास सांगताना पावसाळ्यातला हा प्रसंग आधी सांगा. पाइप शक्य तितका वर न्या, आणि चार महिने मूळ एअर बॉक्स लावता आला तर तो लावा.